ग्रानादा राहू दे, आधी सगळे आलेत का बघा

स्पेनला एकट्यानं जाऊ नये. एकटा गेलेला माणूस निव्वळ शहरं बघत बसतो, आणि ती इतकी जुनी आहेत की दिवस कधी संपला ते त्याला कळत नाही. सोबत मंडळी हवीत. एक हिशेबनीस, गुडघे दुखणाऱ्या एक वहिनी, एक 'मला काहीही चालेल'वाला आणि एक 'आपल्याकडे यापेक्षा भारी आहे'वाला, एवढे जमले की ग्रुप झाला. पाचवे तुम्ही. बुकिंग तुम्ही करणार. हे कोणी ठरवलं असं विचारू नका. ज्यानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, त्याच्याच गळ्यात ते पडतं.

तारखा ठरवताना हवामान बघायचं नाही, रजा बघायच्या. सगळ्यांच्या जुळता जुळता जुलै उजाडला पाहिजे. जुलैत सेव्हिलचा पारा सहज ४०च्या वर जातो. दुपारी तिथला माणूस झडपा ओढून घरात बसतो आणि दुकानांची शटरं खाली येतात. प्लाझा दे एस्पान्या बघायला हीच वेळ गाठा. १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेली ती इमारत अर्धवर्तुळाकार आहे, मध्ये भलंमोठं उघडं पटांगण. मंडळींना पटांगणाच्या बरोबर मध्ये उभं करून ग्रुप फोटो काढा. एकाचे डोळे मिटलेले येतील. पुन्हा काढा.

जेवणाच्या वेळा मात्र पुण्याच्याच ठेवा. साडेबाराला भूक लागलीच पाहिजे. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनच्या सुमाराला आणि रात्रीचं नऊनंतर. याचं एक कारण असं की हुकूमशहा फ्रँकोनं १९४० साली देशाची घड्याळं तासभर पुढे नेऊन जर्मनीशी जुळवली आणि ती परत मागे आलीच नाहीत. संध्याकाळी सातला बंद हॉटेलच्या दारात उभं राहून हा इतिहास सांगून बघा. भुकेल्या माणसांत इतिहासाची गोडी कशी वाढते ते दिसेल.

'मला काहीही चालेल'वाला शाकाहारी आहे, हे दुसऱ्या दिवशी उघड होतं. (अंडं चालतं, पण दिसलं नाही तर.) त्याच्यासाठी कोर्दोबात सालमोरेखो मागवा. टोमॅटो आणि पावाचं गार, घट्ट सूप, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घातलेलं. शाकाहारीच म्हणायचं. वाडगा समोर येतो तेव्हा वर उकडलेलं अंडं आणि हामचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे भुरभुरलेले असतात. 'मांस नको' असं बजावलं होतं ना? बजावलं होतं. पण आपण कोथिंबीर जशी भाजीत धरत नाही, तसे तिथे कित्येक वेटर हाम मांसात धरत नाहीत. खरं तर सेव्हिलमध्ये जिरं घातलेली पालक-छोल्यांची भाजी मिळते आणि कोर्दोबातच मध घातलेली तळलेली वांगी. हे ग्रुपवर टाकू नका. पोट भरलं तर तो बोलायचा थांबेल.

ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्याचं तिकीट आधी काढू नये. 'तिथे गेल्यावर बघू' हे आपल्या प्रवासाचं घोषवाक्य आहे. तरी चुकून काढलंतच, तर लक्षात घ्या: तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट बघतात, आणि आतल्या नस्रिद सुलतानांच्या राजवाड्यांची वेळ छापलेली असते. ती चुकली की चुकली. म्हणून साडेदहाची वेळ असेल तर दहा पंचविसला मुख्य फाटकाशी पोचा. तिथून राजवाडे चालत पंधराएक मिनिटांवर आहेत, हे तिथेच कळू द्या. पासपोर्ट? हॉटेलच्या तिजोरीत. सुरक्षित.

आत शिरलातच तर सिंहांच्या चौकात 'आपल्याकडे'वाल्याला पुढे करा. बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंजं, भोवती लेस विणावी तशा कोरलेल्या कमानी, भिंतीभिंतींवर 'अल्लाहखेरीज विजेता नाही' हे वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं. १४९२च्या जानेवारीत शेवटचा सुलतान बोअब्दिल हे सगळं सोडून निघून गेला. आपला माणूस सिंहांकडे बघून म्हणतो, "एवढेच?" मग विजापूरच्या इब्राहिम रोजा या मकबऱ्याचा विषय काढतो. तो अप्रतिमच आहे, वाद नाही. पण यानं तो पाहिलेला नसतो. हा सोलापूरचा, आणि विजापूर तिथून शंभरेक किलोमीटर.

कोर्दोबाच्या मशिदीत रविवार सोडून सकाळी साडेआठला तासभर फुकट सोडतात. पण हॉटेलचा नाश्ता पैसे भरून घेतलेला असल्यामुळे तो संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. साडेदहाला तिकीट काढून आत गेलात की मंडळींना मोकळं सोडा. ८५६ खांब आहेत. वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, नजर जाईल तिथवर. पाचव्या मिनिटाला वहिनींचा फोन येतो.

"मी लाल-पांढऱ्या कमानीखाली उभी आहे."

"वहिनी, मधल्या कथीड्रलपाशी या."

"कथीड्रल कुठलं? ही मशीद आहे ना?"

दोन्ही खरं. ७८५ साली मशीद बांधायला घेतली, १२३६ मध्ये तिचं चर्च झालं आणि सोळाव्या शतकात तिच्या पोटातच एक आख्खं कथीड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च, उभं केलं. फोनवर समजावून बघा. नीट पाहिलं तर जुन्या भागात खांबसुद्धा एकसारखे नाहीत: रोमन आणि (मुसलमानांआधी इथे राज्य करणाऱ्या) व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींतून काढून आणलेले, कुणी बुटका, कुणी उंच, कुणाचा दगडच वेगळा. पण नीट पाहायला वेळ कुणाला आहे? वहिनी सापडायच्यात.

तोलेदोला सामानासकट जा. चढ आहे, दगडगोट्यांचे रस्ते आहेत, बॅगांना चार चाकं आहेत. बाकी काही सांगायला नको.

शेवट सेव्हिलच्या कथीड्रलमध्ये करा. तिथे कोलंबसाची शवपेटी कास्तिल, लेओन, आरागॉन आणि नवारा या चार राज्यांचे चार खांदेकरी पुतळे उचलून उभे आहेत. चौघं एका दिशेनं निघालेत आणि एकानंही पाणी मागितलेलं नाही. इतका शिस्तीचा ग्रुप पुन्हा दिसणार नाही. मग जिरल्दा मनोरा, मूळचा मशिदीचा मिनार. वर जायला पायऱ्या जवळपास नाहीतच, पस्तीस उतार (रॅम्प) आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून चढता यावं म्हणून ते केले, असं सांगतात. वहिनींना हे सांगू नका, घोडा मागतील. त्या खाली बसतील, तुम्ही वर जा.

खाली येईपर्यंत हिशेबनीसानं वही उघडलेली असते. ग्रानादाच्या कथीड्रलबाहेर 'काहीही चालेल'वाल्याच्या हातात एका बाईनं रोझमेरीची डहाळी कोंबून, भविष्य सांगून पाच युरो घेतले होते, ते कॉन्ट्रीत धरायचे की त्याचे त्यानं द्यायचे, हा जुना वाद आहेच. आता नवा आला. कथीड्रल आणि जिरल्दा एकाच तिकिटात येतात, आणि वहिनी म्हणतात, मी मनोरा चढलेच नाही, तेवढे पैसे वजा करा.

किती वजा करायचे हे तुम्ही सांगायचं. बुकिंग तुम्ही केलंय.