डिस्कचे नाव आणि डिस्कची ओळख : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लिनक्समध्ये जोडलेल्या डिस्कची यादी ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने काढावी आणि तिच्याकडून मॉडेल, सिरियल क्रमांक व जोडणीचा प्रकार हे रकानेही मागवावेत, असे मी लिहिले होते. ‘डीएफ’ आणि ‘एफडिस्क’ या आज्ञांनी भागत असताना नवशिक्यांवर हा पसारा का लादायचा, आणि एक टेराबाइटची डिस्क ९३१.५ जी दाखवणाऱ्या आज्ञेवर विसंबायचे कसे, असे आपण विचारले आहे.

आकड्यातली तफावत केवळ मोजणीच्या पद्धतीची आहे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, ही आज्ञा १०२४ च्या पटीत मोजते; ‘बी’ हा पर्याय दिला की ती नेमके बाइट सांगते.

पहिला आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ‘डीएफ’ फक्त माउंट केलेल्या (म्हणजे वापरासाठी निर्देशिकांच्या रचनेत आणलेल्या) फाइल सिस्टिम दाखवते, त्यामुळे नुकतीच जोडलेली कोरी डिस्क, म्हणजे जी शोधण्यासाठी आपण यादी काढतो नेमकी तीच, तिच्यात दिसत नाही. ‘एफडिस्क’ची यादी निश्चितच उपयोगी आहे, आणि विभाजन (पार्टिशन) कोणत्या सेक्टरपासून सुरू होते हे पाहायचे असेल तर मीही तीच वापरतो, परंतु ती प्रत्येक डिस्क उघडून विभाजन तक्ता वाचते आणि म्हणून तिला रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, आधीच नोंदवून ठेवलेली माहिती ‘एलएसबीएलके’ सामान्य वापरकर्त्यालाही दाखवते. नुसते पाहण्यासाठी नवशिक्याने रूट होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

‘एसडीबी हे नाव कळले की पुरे’ या आपल्या वाक्याशी तर मी मुळीच सहमत होऊ शकत नाही. एसडीए, एसडीबी ही नावे कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर किंवा एखादी यूएसबी डिस्क आधीच जोडलेली राहिल्यास तो क्रम बदलू शकतो, आणि काल एसडीबी असलेली डिस्क आज एसडीसी होऊ शकते. डिस्कवर थेट लिहिणारी ‘डीडी’ ही आज्ञा मात्र दिलेल्या नावावर काहीही न विचारता लिहीत सुटते. एकाच मॉडेलच्या, एकाच क्षमतेच्या दोन डिस्क शेजारी असतील, तर सिरियल क्रमांकाखेरीज त्यांना वेगळे ओळखण्याचा भरवशाचा मार्ग यादीत उरत नाही. ज्याला आपण पसारा म्हणता तो रकाना मला म्हणूनच अत्यावश्यक वाटतो. लिहिण्याच्या आज्ञेतही ‘डेव्ह’खालील ‘डिस्क’, ‘बाय-आयडी’ या निर्देशिकेतले, मॉडेल व सिरियल क्रमांक असलेले लांब नाव द्यावे.

यालाही एक मर्यादा आहे : काही यूएसबी केसिंग आतल्या डिस्कऐवजी स्वतःचाच सिरियल क्रमांक कळवतात. तेथे जोडण्यापूर्वीची आणि जोडल्यानंतरची यादी ताडून पाहावी.

माउंटच्या नोंदींत यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक, वापरण्याची आपली सूचना योग्य आहे. मात्र यूयूआयडी फाइल सिस्टिमवर लिहिलेला असतो, डिस्कवर कोरलेला नसतो. ‘डीडी’ने हुबेहूब प्रत काढली की मूळ आणि प्रत या दोन्हींचा यूयूआयडी एकच होतो. म्हणून प्रत काढून झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून संगणक सुरू करू नये, आणि तसे करणे भाग असेल तर आधी प्रतीचा यूयूआयडी बदलून घ्यावा.