आघाडी मिळालीच आहे, तर घालवायची कशी?

तुमचा संघ तीन गुणांनी पुढे आहे, चेंडू तुमच्याकडे आहे आणि शेवटची तीन मिनिटं उरल्याचा इशारा झाला आहे. अभिनंदन! कॅनडियन फुटबॉलमध्ये (आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉलचा चुलतभाऊ) सामना हातचा घालवायला याहून शुभ मुहूर्त नाही. (२०२५ च्या हंगामापर्यंतचे नियम धरून चालू; नवे नियम रुळले की नव्याने हरू.)

आधी अमेरिकन भाऊबंदांची नक्कल करा. तिकडे पुढे असलेल्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा खेळाडू, चेंडू घेऊन गुडघा टेकतो, खेळी तिथेच संपवून वेळ काढतो, पुन्हा टेकतो आणि बाकीचे लोक हस्तांदोलनाला लागतात. तुम्हीही टेका. इथे डाऊन, म्हणजे चेंडू दहा यार्ड पुढे न्यायच्या संधी, चार नाहीत, तीनच. खेळी सुरू करायला वीसच सेकंद. आणि शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक खेळीनंतर घड्याळ थांबतं, पंचाने शिट्टी मारल्याशिवाय हलत नाही. असल्या बारकाव्यांत मोठ्या प्रशिक्षकाने शिरू नये. दोनदा गुडघा टेकून जेमतेम पाऊण मिनिट खर्ची पडेल. मग पंट मारा, म्हणजे चेंडू पायाने लांब भिरकवा, आणि चेंडू समोरच्यांच्या ओटीत घाला.

पंट मारायचीही धास्ती वाटते? मग दानधर्म करा. स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आपल्या टोकाच्या पट्ट्यात, चेंडू घेऊन शरण जा आणि दोन गुण देऊन टाका. वारा अंगावर येत असेल तर ही चाल खरोखर शहाणपणाची ठरते, म्हणून तर ती नको तिथेही वापरता येते. तीनची आघाडी एकवर आली. आता समोरच्यांना टचडाऊन (चेंडू एंड झोनमध्ये नेणं) नको, फील्ड गोलही (किक गोलखांबांमधून मारणं) नको. त्यांच्या किकरचा नेम चुकून चेंडू तुमच्या एंड झोनच्या पार गेला, तरी रूज नावाचा एक गुण त्यांना मिळतो आणि बरोबरी होते. नापास होऊन बक्षीस मिळण्याची ही सोय कॅनडियन फुटबॉल लीगच्या तेव्हाच्या नव्या आयुक्तांना, स्टुअर्ट जॉन्स्टन यांना, खुपली. चेंडू थेट पार गेला तर २०२६ पासून गुण नाही, असं त्यांनी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं. हरणाऱ्यांचा एक हुकमी रस्ता बंद!

दोन खेळींच्या मधे घड्याळ शून्यावर आलं की बेलाशक मैदानात धावा. आणखी एक खेळी व्हायची असते, हे कुणीतरी सांगेलच.

एवढं करूनही आघाडी चिकटून राहिली, तर माणसं मोजणं सोडा. हा उपाय थेट ग्रे कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यात सिद्ध झालेला आहे. २९ नोव्हेंबर २००९, कॅलगरी. सस्कॅचवन रफरायडर्स चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये २७-११ ने पुढे होते, तरी माँट्रियल अलुएट्स २७-२५ पर्यंत आले. शेवटच्या क्षणी अलुएट्सच्या डेमन डुव्हालने ४३ यार्डांवरून किक मारली आणि ती हुकली. रफरायडर्स जल्लोष करत मैदानात धावले. तेवढ्यात पंचांचा दंडाचा झेंडा दिसला: मैदानावर बाराऐवजी तेरा रफरायडर्स! दंडाचे दहा यार्ड, किक पुन्हा. या वेळी ३३ यार्डांवरून डुव्हाल चुकला नाही. २८-२७.

रफरायडर्सचे चाहते स्वतःला आधीपासूनच ‘तेरावा माणूस’ म्हणवून घेत. त्या रात्री संघाने ते जरा जास्तच मनावर घेतलं असावं.