झेब्रा लोच: ‘जोडी आणा, पैदास करा, नदीत सोडा’ या सल्ल्याचं काय करायचं?

मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: शोभिवंत मासे आता सगळे फार्ममध्येच तयार होतात, त्यामुळे विकत घेतल्याने नदीचं काही जात नाही. मासा स्वस्त मिळतो, म्हणजे नदीत तो भरपूर आहे. उलट दुर्मीळ माशाची जोडी आणा, घरी पैदास करा, पिल्लं नदीत सोडा, म्हणजे जात वाचेल. उदाहरण दिलंय आपल्या सह्याद्रीतल्या झेब्रा लोचचं. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा मासा नऊ वर्षं माझ्या टाकीत होता आणि त्याच्याबाबत यातला एकेक दावा चुकीचा आहे.

‘सगळे मासे फार्मचे.’ गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश यांच्याबाबत हे बरोबर आहे. चेन्नईच्या कोळत्तूर भागात तर या धंद्यावर कितीतरी कुटुंबं जगतात. झेब्रा लोच त्या यादीत बसत नाही. कृष्णेच्या खोऱ्यातल्या, घाटमाथ्याजवळच्या नद्या-ओढ्यांचा हा मासा. १९२० साली नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं आणि आपल्याकडे तो कोल्हापूरच्या बाजूला सापडतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या तीस जातींचे पंधरा लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यात सर्वांत मोठा वाटा ज्या तीन जातींचा होता, त्यांत मिस केरळ आणि बटू पफर या माशांच्या बरोबरीने झेब्रा लोचही होता. हे मासे ओढ्यातून पकडलेले होते.

‘जोडी आणा.’ इथे जरा थांबावं लागेल, कारण खरी फसगत इथेच होते. लहान वयात यात नर-मादी ओळखता येत नाहीत, त्यामुळे दुकानदार ‘जोडी’ म्हणून देतो ते नुसते दोन मासे असतात. शिवाय हा मासा घोळक्याने राहणारा. दोनच ठेवले तर दगडाआड दडून बसतात. माझ्याकडे सहा होते. खायला टाकलं की त्यांची आपसात ढकलाढकल सुरू व्हायची आणि काचेबाहेर टक् टक् असा आवाज ऐकू यायचा. झोपायचे ते एका कुशीवर. पहिल्या आठवड्यात एक मेलाच असं समजून मी जाळी घातली. या माशाच्या डोळ्याखाली दोन टोकांचा काटा असतो आणि घाबरला की तो काटा बाहेर काढतो. काटा जाळीत अडकला आणि मला कात्रीने जाळी कापून त्याला सोडवावं लागलं.

दर पावसाळ्याच्या सुमाराला त्यातल्या दोन माद्यांची पोटं फुगायची. मी गार पाण्याने टाकीतलं पाणी बदललं, प्रवाह वाढवला, अंधार केला. नऊ वर्षांत एक अंडं दिसलं नाही. झेब्रा लोच ज्या बोटिया कुळातला, त्या कुळातल्या माशांची पैदास करणारे व्यावसायिक फार्म संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. रोहू-कटल्याच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वापरतात, तेच तंत्र. घरच्या दोन फुटी टाकीत ते जमणार नाही. मग ‘पैदास करू’ म्हणून आणलेला प्रत्येक मासा नदीतून एक वजा, एवढाच हिशोब उरतो.

‘पिल्लं नदीत सोडा.’ समजा, कुणाला जमलीच पैदास, तरी हे करू नका. टाकीतले रोग आणि परजीवी पाण्याबरोबर जातात, आणि कुठल्या खोऱ्यातला मासा कुठल्या खोऱ्यात चाललाय हे आपल्याला ठाऊक नसतं. यात जाणकारांचीही चूक झालेली आहे. लोणावळ्याच्या हॅचरीत महसीर या नदीतल्या माशाची उत्तम पैदास झाली आणि ती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, चांगल्या हेतूने कावेरीतही सोडली गेली. तिथे कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर होता. आलेल्या निळ्या परांच्या महसीरने त्याची जागा घेतली आणि आज तो मूळ मासा अतिसंकटग्रस्त आहे. त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं तेही २०१८ मध्ये, तो जवळजवळ संपल्यावर. आणि उजनीतल्या मच्छीमारांना विचारा, शोभेच्या टाकीतून आलेला सकरमासा त्यांच्या जाळ्यांचं काय करतो ते.

‘स्वस्त आहे, म्हणजे भरपूर आहे.’ ओढ्यात पकडायला खाद्य लागत नाही, वीज लागत नाही, वर्षभर वाढवावं लागत नाही. स्वस्त असण्याचं कारण तेवढंच.

पैदासच करायची असेल, आणि ती ओढ प्रत्येक मासेवेड्याला असतेच, तर फार्ममध्ये वाढलेले पिवळे क्रोमाइड आणा. किनारपट्टीच्या खाड्या-बॅकवॉटरमधला मासा, पण पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढतोय. सहा-आठ लहान मासे एकत्र ठेवा, त्यांची ती जोडी जमवतील. सपाट दगडावर अंडी घालतील, दोघं मिळून राखतील. पिल्लं पोहायला लागली की आईबापांच्या अंगाला तोंड लावून त्यांच्या कातडीवरचा बुळबुळीत थर खातात. ते बघायला मी रात्री दोनपर्यंत टाकीसमोर बसलेलो आहे.