भरलेली टर्की आणि दर नोव्हेंबरला फिरणारा तो संदेश

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर तो संदेश पुन्हा फिरायला लागतो. 'पहिल्यांदाच टर्की करताय? घाबरू नका' अशी सुरुवात आणि खाली थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला भरलेली टर्की भाजायच्या सूचना. थोडक्यात त्या अशा: ही 400 वर्षांची पद्धत आहे, तिच्यात आपली अक्कल चालवू नका. गोठलेली टर्की रात्रभर ओट्यावर ठेवा. चिकनसारखीच नळाखाली स्वच्छ धुवा. आदल्या रात्रीच पावाच्या तुकड्यांचं सारण पोटात गच्च भरून ठेवा, म्हणजे ते मुरतं आणि टर्की आतून ओली राहते. आधी मोठ्या आचेवर भाजून रस कोंडून घ्या, मग दर अर्ध्या तासाने वरून रस ओता. छातीतली प्लॅस्टिकची कळ वर आली आणि रस पांढरा निघाला की झाली. उरलेलं सारण पोटातच राहू द्या, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं.

गेली 19 वर्षं न्यू जर्सीत, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, मी टर्की भाजते आहे. यातल्या बहुतेक गोष्टी मी स्वतः करून बसले आहे. संदेश पाठवणारे चांगल्या मनानेच पाठवतात, हेही मला माहीत आहे. पण यातल्या काही सूचना माणसं आजारी पाडणाऱ्या आहेत. आणि त्या दिवशी आपल्या टेबलाशी भारतातून आलेले आईवडील असतात, रांगती मुलं असतात, एखादी गरोदर मैत्रीण असते. म्हणून एकेक सूचना घेऊन बोलते.

'ही 400 वर्षांची पद्धत आहे'

पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणून सांगतात ती मेजवानी 1621ची, प्लिमथ या इंग्रज वसाहतीतली. तिच्याबद्दल तिथल्याच एडवर्ड विन्सलो या वसाहतकऱ्याचं पत्र आहे. चार माणसं शिकारीला गेली, त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी आणले आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी पाच हरणं दिली, असं त्यात आहे. पक्षी कोणते, ते लिहिलेलं नाही. टर्कीचं नाव नाही, सारणाचं तर नाहीच. टेबलाच्या अग्रभागी भरलेली, भाजलेली टर्की हे चित्र एकोणिसाव्या शतकातल्या न्यू इंग्लंडचं. सारा जोसेफा हेल या लेखिकेने 1827च्या आपल्या कादंबरीत ते रंगवलं, राष्ट्रीय सणासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि 1863मध्ये लिंकनने तशी घोषणा केली. आच नेमकी ठेवता येणारे ओव्हन घराघरात आले ते विसाव्या शतकात. त्यामुळे 'जुनं आहे म्हणून बरोबर आहे' हा आधार इथे उभाच राहत नाही.

'आपली अक्कल चालवू नका' हे तर मला मुळीच पटत नाही. टर्की पाळीव झाली मेक्सिकोत, तिथून स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेली आणि पोर्तुगीजांमार्फत गोव्यात उतरली. 1612मध्ये मुघल सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून ज्या नवलाच्या वस्तू जहांगीराकडे नेल्या त्यांत एक टर्की होती. बादशहाने तिचं वर्णन लिहून ठेवलं आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. प्लिमथच्या त्या मेजवानीच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा लोण्यात आलं-लसूण, मिरी आणि थोडा गरम मसाला कालवून तो कातडीखाली खुशाल लावा, मी दरवर्षी लावते. चवीच्या बाबतीत मनाला येईल ते करा. माझं भांडण आहे ते तापमानाशी आणि वेळेशी.

'रात्रभर ओट्यावर ठेवा'

15 पाउंडांची, म्हणजे जवळजवळ सात किलोंची टर्की रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळी तिच्या पोटात बर्फ असतो आणि कातडी केव्हाच खोलीइतकी गरम झालेली असते. 40 ते 140 अंश फॅरनहाइट (4 ते 60 सेल्सिअस) या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि कच्चं मांस त्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. फ्रीजमध्ये दर चार-पाच पाउंडांना एक दिवस धरा. म्हणजे अशी टर्की रविवारीच फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवायची. विसरलात, तर न गळणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, पाउंडाला अर्धा तास धरा आणि सुटली की लगेच भाजायला घ्या. साडेसात तासांचं काम आहे, पण होतं.

'नळाखाली स्वच्छ धुवा'

इथे सगळ्यात जास्त विरोध होतो, आणि तो मला समजतो. माझ्या माहेरी बाजारातून आलेलं चिकन तीन पाण्यांनी धुऊन, हळद-मीठ चोळून मगच पातेल्यात जायचं. तिथे ते बरोबरही होतं, कारण समोर कापलेल्या कोंबडीला रक्त, पिसांचे तुकडे, हाडांची कच लागलेली असे. इथली टर्की साफ होऊन, बंद पिशवीत येते. धुऊन काढावं असं तिच्यावर काही नसतं आणि जे असतं ते धुऊन जात नाही. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू आचेनेच मरतात. नळाच्या धारेने ते फक्त उडतात.

अमेरिकी कृषी खात्याने 2019मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. ज्यांनी कच्चं चिकन धुतलं, त्यांच्यातल्या 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जंतू सापडले आणि सिंक साफ केल्यावरही 14 टक्क्यांच्या सिंकमध्ये ते उरलेच होते. शेजारी कोशिंबिरीची काकडी चिरलेली असते, हे लक्षात घ्या. कागदी टॉवेलने टर्की टिपून कोरडी करा, टॉवेल लगेच टाका, हात साबणाने धुवा. हळद-मीठ त्यानंतर लावा. आणि पोटात व मानेच्या बाजूला हात घालून बघा, मान आणि काळीज-पेठ्याची पिशवी तिथे दडवलेली असते.

'आदल्या रात्री गच्च भरा, टर्की ओली राहते'

सगळ्यात घातक सूचना हीच, आणि तीच सगळ्यात घरगुती वाटते. आपल्याला भरली वांगी माहीत, भरलेलं पापलेट माहीत. सारण भरून ठेवलं की मुरतं, हे हाताला ठाऊक आहे. पण वांगं मुठीत मावतं, काही मिनिटांत आच मध्यापर्यंत पोचते आणि त्याच्या सारणात कच्च्या मांसाचा रस गळत नाही. 14 पाउंडांच्या टर्कीत सैलसर भरलं तरी दहा कप सारण बसतं. ते मांसाच्या जाड भिंतीआड असतं, आच त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचते आणि तोवर कच्चा रस त्या पावाच्या तुकड्यांत ठिबकत राहतो. पाव तो स्पंजासारखा पितो. म्हणून मांसाइतकंच सारणही, अगदी मध्यभागी, 165 अंश फॅरनहाइट (74 सेल्सिअस) झालंच पाहिजे.

आता ओलेपणाचं बघा. छातीचं मांस 165ला पोचतं तेव्हा सारणाचा मध्य अजून बराच मागे असतो. टर्की तेव्हाच बाहेर काढली तर सारण कच्चं आणि सारणासाठी थांबलो तर छाती कोरडी ठणठणीत. शिवाय जो रस ताटात उतरून ग्रेव्हीला आला असता, तो सारणाने पिऊन टाकलेला. सारणाने टर्की ओली राहते हे म्हणूनच खरं नाही, सारणासाठी थांबावं लागतं म्हणून ती सुकते.

गच्च भरण्याने यात भरच पडते, कारण दाबलेल्या गोळ्यातून आच फार हळू सरकते. आणि आदल्या रात्री भरणं म्हणजे कोमट, ओला गोळा कच्च्या पक्ष्याच्या पोटात बंद करणं. फ्रीजमध्येही त्याचा मध्य लवकर गार होत नाही आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये लवकर तापत नाही. दोन्ही वेळा जंतूंना तासन्‌तास मिळतात.

मुरवायचंच असेल तर मिठाने मुरवा. दोन-तीन दिवस आधी दर पाच पाउंडांना एक मोठा चमचा जाडं कोशर मीठ सगळीकडून चोळून टर्की फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आत शिरतं, मांस पाणी धरून ठेवतं, कातडी कोरडी होऊन खरपूस भाजली जाते. मात्र वेष्टन आधी वाचा, कारण बऱ्याच टर्क्यांना मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तशी असेल तर मीठ लावूच नका.

सारण पोटात घालायचंच असेल, तर तेही नीट करता येतं. पाव आदल्या दिवशी तुकडे करून वाळवा. कांदा, सेलरी परतून वेगळं ठेवा. खिमा घालत असाल तर तो पूर्ण शिजवूनच घाला, पोटात शिजेल या भरवशावर कच्चा कधीही नको. ओलं आणि सुकं एकत्र करायचं ते ओव्हन तापल्यावर. सारण गरम असताना, सैल हाताने भरायचं आणि टर्की त्याच क्षणी आत. ओव्हन 325 अंशांच्या (163 सेल्सिअस) खाली नको. 'मंद आचेवर रात्रभर'वाल्या सूचनाही कुठेकुठे फिरतात, त्या याच कारणाने बाद. 12 ते 14 पाउंडांच्या रिकाम्या टर्कीला तीन ते पावणेचार तास लागतात, भरलेलीला साडेतीन ते चार.

मी स्वतः सारण आता वेगळ्या ट्रेमध्ये भाजते. मान आणि पेठ्याचं पाणी उकळून त्यावर ओतते, त्यामुळे टर्कीची चव उतरते आणि वरचा थर कुरकुरीतही होतो. पोटात फक्त अर्धा कांदा, लिंबू, आल्याचे तुकडे आणि कोथिंबिरीच्या काड्या, त्याही नंतर टाकून द्यायच्या. पोटातल्या सारणाची चव वेगळीच, असं माझी शेजारीण म्हणते. तिचं अगदीच खोटं नाही, पण छातीचं मांस सुकवून ती चव मला नको.

'मोठ्या आचेने रस कोंडतो, मग वरून रस ओता'

रस कोंडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पसरवली आणि ती चुकीची ठरून खूप काळ झाला. भाजलेली कातडी काही झाकण नव्हे, तिच्यातून रस निघतोच. मोठ्या आचेने रंग आणि खमंगपणा येतो, तेवढ्यासाठी जरूर करा. वरून ओतलेला रस मांसात शिरत नाही, कातडी मात्र भिजून मऊ पडते आणि दर वेळी दार उघडल्याने ओव्हन गार होतो.

'कळ वर आली, रस पांढरा निघाला की झाली'

टर्की शिजली की वर उडावी म्हणून विकतानाच छातीत खोचलेली ती प्लॅस्टिकची कळ जिथे आहे, तिथलंच तापमान तिला कळतं. मांडीच्या सांध्याचं नाही, सारणाचं तर मुळीच नाही. रंगावरही विसंबू नका. पूर्ण शिजलेलं मांस हाडाजवळ गुलाबी दिसू शकतं आणि पांढरा रस देणारं मांस 165च्या खाली असू शकतं.

टोकदार थर्मामीटर घ्या. छातीच्या सगळ्यात जाड भागात, मांडीच्या आतल्या बाजूला हाडाला न लावता आणि भरलेली असेल तर सारणाच्या मधोमध, अशा तिन्ही ठिकाणी 165 दिसलं पाहिजे. मग वीस मिनिटं झाकून ठेवा. भात उतरवल्यावर आपण वाफ जिरू देतो, तसंच. लगेच सुरी लावलीत तर रस पाटावर वाहून जातो.

'उरलेलं सारण पोटातच राहू द्या'

सात वर्षांपूर्वी मी हेच केलं. टर्की नीट भाजली होती, सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. दुपारी तीनला जेवणं झाली, मग गप्पा, पत्ते, पुन्हा चहा. टर्की टेबलावर झाकलेली होती, पोटात अर्धं सारण. रात्री नऊला सगळ्यांनी त्यातलंच थोडं थोडं पुन्हा घेतलं. पहाटे अकरापैकी सहा जणांना पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले. सांगलीहून आलेल्या सासूबाईंना सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की जेवण किती वेळ बाहेर होतं.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू बीजाणूंच्या रूपात शिजवण्यातूनही वाचतो आणि अन्न सावकाश निवत राहिलं की वाढतो. त्रास साधारण सहा ते चोवीस तासांत होतो. आम्हाला झालं ते त्यानेच, हे तपासून कुणी सांगितलं नाही, पण ते सहा तास मी विसरलेले नाही. भाजलेल्या टर्कीचं पोट म्हणजे चांगला उबदार डबा, त्यात सारण किती वेळ कोमट राहतं याचा अंदाजच येत नाही.

त्यानंतर आमच्याकडे टर्की पोटात भरून केली असेल, तर कापायच्या आधी सगळं सारण भांड्यात काढलं जातं. उरलेलं मांस हाडांवरून सोडवून, दोन तासांच्या आत उथळ डब्यांत फ्रीजमध्ये जातं आणि तीन-चार दिवसांत संपवलं जातं. गरम करतानाही पुन्हा 165. हाडांचं सूप दुसऱ्या दिवशी. सासूबाई इथे असल्या की सारण काढायचं काम त्याच करतात, घड्याळ बघून.