‘येऊन राहिलो’चा घोळ आणि वेटिंगचे तीनशे रुपये

नमस्कार मॅडम,

आमच्या टॅक्सी सेवेला तुम्ही दिलेले दोन स्टार पाहिले. तुम्ही लिहिलंय की पुण्याहून रात्रीच्या विमानाने आईला घेऊन नागपूरला आलात, आमचा ड्रायव्हर फोनवर ‘आलोय’ म्हणून खोटं बोलला, वीस मिनिटं बाहेर उभं ठेवलं आणि वरून वेटिंगचे तीनशे घेतले. ‘एवढंसं विमानतळ, तिथेही गाडी वेळेवर लागत नाही.’

आधी पैशांचं. ते आमचं चुकलंच. विमान उतरल्यावर पाऊण तास मोकळा, वेटिंग त्यानंतर, असा आमचाच नियम आहे. त्याने तिकिटावरची वेळ धरली. तीनशे रुपये परत पाठवले आहेत, खात्यात बघून घ्या.

खोटं बोलल्याबद्दल मात्र मी त्याला दोनदा खोदून विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडमले म्हनलं ना, येऊन राह्यलो जी.’ इथेच सगळा घोळ झाला. पुण्याच्या कानाला हे ‘येऊन थांबलोय’ असं वाटणार. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘येतोय’. नागपुरात जो ‘जेवून राहिला’ आहे, तो अजून ताटावरच असतो! तुम्ही बॅगा घेऊन बाहेर आलात तेव्हा तो पार्किंगमधून निघायच्या रांगेत होता. आणि ते ‘जी’ तुम्हाला खोचक वाटलं, ते आमचं ‘अहो’ आहे.

टर्मिनलसमोर गाडी लावून वाट बघता येत नाही, लगेच शिटी वाजते. म्हणून गाडी पार्किंगमध्ये आणि फोन आला की दारात. सोनेगाव (पाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सोनेगावच) मुंबईच्या मानाने लहान आहे, कबूल. एक टर्मिनल, एक धावपट्टी. पण म्हणूनच रात्री दोन विमानं पाठोपाठ उतरली की सगळ्या गाड्या पार्किंगच्या एकाच दांड्यापाशी अडकतात. बॅगा बेल्टवरून हातात आल्या की फोन करायचा आणि आतच बसून राहायचं, हे तुम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आईंनाही उभं राहावं लागलं, हे वाचून जास्त वाईट वाटलं. पुढच्या वेळी तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागून ठेवा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि माणूस विमानापासून थेट गाडीपर्यंत आणून सोडतो. ‘मेट्रो जवळ आहे हे का सांगितलं नाही’ असंही विचारलंत. स्टेशन वर्धा रोडवर आहे, एकटा माणूस, पाठीला एक सॅक आणि दिवसाची वेळ असेल तर मी स्वतःच सांगतो, मेट्रोने सीताबर्डी गाठा. रात्री, तीन बॅगा आणि आई सोबत असताना नाही सांगणार.

वेटिंगचा नियम माझ्या बाबांचा आहे. तेही सोनेगावलाच टॅक्सी लावायचे. तेव्हा रात्रीच्या टपालाची विमानं होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांनी निघून मध्यरात्री इथे जमायची, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. 1949 ला सुरू झालेली ही सेवा 1973 पर्यंत चालली. एकाला उशीर झाला की बाकीची खोळंबायची, बाबाही खोळंबायचे. पण उतरलेल्या माणसाकडून त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. म्हणून ते तीनशे मला जरा जास्तच लागले.

आता सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलंय, बाहेरगावच्या पाहुण्यांशी दोनच शब्द बोलायचे: ‘निघालो’ नाहीतर ‘पोचलो’. त्यावर तुमचाच ड्रायव्हर विचारतो, ‘मग येऊन राह्यलो कोनाले म्हनू?’ म्हटलं, घरी बायकोला म्हण.

तुमचं परतीचं बुकिंग अजून आमच्याकडे आहे. तोच ड्रायव्हर पाठवू की दुसरा, तेवढं कळवा. तो स्वतः यायचं म्हणतोय.