डालड्यातली दिवाळी आणि शेंगदाण्याचं दही

लेक वीगन झालीये, म्हणजे दूध, तूप, मध असं प्राण्यांकडून आलेलं काहीच खात नाही, हे कळल्यापासून मला दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक, "अरेरे, मग आता ती खाते तरी काय?" असं तोंड करणारी, जणू पोरगी संन्यास घेऊन हिमालयात निघालीये. आणि दुसरी, जी लगेच बदामाचं दूध, वीगन पनीर, वीगन बटर, वीगन चीज असल्या लिंका पाठवतात, ज्यातली एकेक वस्तू आमच्या आठवडाभराच्या भाजीच्या भावात पडते. दोघांनाही वेगवेगळं समजावून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. लांब होणारे, आधीच सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की लहानपणी खाल्लेला एखादा पदार्थ दुधाशिवाय करायचा असेल तर दुधाला पर्याय शोधत बसू नका, आधी त्या पदार्थात दूध नेमकं काय काम करत होतं ते बघा. कुठे ते आंबटपणासाठी असतं, कुठे स्निग्धपणासाठी, कुठे तिखट मारायला, कुठे नुसतं घट्ट व्हायला, आणि खरं सांगायचं तर कितीतरी ठिकाणी ते नुसतं मोठेपणासाठी असतं. पाहुणे आले म्हणून वरून घातलेली सायच ती, दुसरं काय.

आता आपल्या नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ घ्या. मोडाची मटकी, तेल, भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण, दगडफूल, वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू. यात दूध कुठंय सांगा? दह्याची वाटी बाजूला येते तेवढीच. लेक सुट्टीला आली की पंचवटीत जाऊन मिसळ खाते, दह्याची वाटी बापाकडे सरकवते, विषय संपला. पावाचं मात्र विचारून घ्यावं लागतं, काही बेकरीवाले दुधाची पावडर घालतात नाहीतर वरून बटर फिरवतात. बाकी शेवभाजी, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, पिठलं, ठेचा, डुबुकवड्या, घरचा चिवडा, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) खापरावरचे मांडे, ही सगळी यादी वाचा आणि मला सांगा की वीगन म्हणजे उपासमार असं कोणी ठरवलं. मांड्यावर तूप ओतून घेतात ती गोष्ट वेगळी, पण मांडा करताना त्यात काही लागत नाही, आणि आमरस असेल तर तुपाची आठवणही येत नाही. रसात दूध घालणारे लोक असतात, त्यांच्याशी माझं वीगन नसतानाही पटत नाही.

आणि हे "पारंपरिक साजूक तुपातलं" प्रकरण. आमच्या पिढीनं जरा प्रामाणिक व्हावं. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला, आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात दिवाळी कशात व्हायची? डालड्यात! पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. शंकरपाळ्याचं मोहन डालड्याचं, चिरोट्याचा साटा डालड्याचा, करंज्या डालड्यात तळलेल्या, आणि साजूक तूप फक्त देवाच्या निरांजनाला आणि पाहुण्यांच्या वरणभातावर. डबा रिकामा झाला की त्यात तुळस नाहीतर कोरफड. हा डालडा भारतात १९३७ पासून आहे आणि वनस्पती तूप म्हणजे तेलच की, त्यात गाय-म्हैस कुठे आली? म्हणजे ज्या शंकरपाळ्यांच्या आठवणीनं आज लोक हळवे होतात आणि "ती चव आता नाही" म्हणतात, ती चव दुधातुपाची नव्हतीच. डालडा परत आणा असं मी मुळीच म्हणत नाहीये, ट्रान्स फॅटमुळे, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीमुळे, त्याची जी बदनामी झाली ती योग्यच झाली आणि २०२२ पासून सरकारनं ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली तेही बरंच झालं. पण आठवणीच्या नावाखाली तुपाचा गजर करू नका एवढंच.

पनीरचं तर बोलूच नका. मराठी घरात पनीर आलं कधी? देशातलं दूध वाढवायची मोहीम, ऑपरेशन फ्लड, सुरू झाली १९७० मध्ये, भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला १९९८ च्या सुमारास. दुधाची ही एवढी रेलचेल आपल्या डोळ्यांदेखत आलेली आहे. माझ्या आईनं आयुष्यात पनीर बटर मसाला केला नाही, त्यामुळे वीगन पनीर बटर मसाल्यासाठी जीव टाकायचं मला काही कारण दिसत नाही.

आता खऱ्या अडचणीच्या पदार्थांकडे येते, कारण ते आहेतच.

आमच्या घरी लेकीचा जीव की प्राण म्हणजे आजीच्या हातचे फुणके आणि कढी. सासूबाईंचं माहेर अमळनेरकडचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तूरडाळ आणि थोडी हरभराडाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात मिरची-लसूण, कोथिंबीर, पातीचा कांदा, मीठ, मग मूठ वळून वाफवायचं, बोटांचे ठसे तसेच राहतात त्यावर. ताटात घेऊन कुस्करायचं, वरून कच्चं तेल आणि गरम कढी. फुणके प्रश्नच नाही, कढीनं घोडं अडलं. नुसते कोरडे फुणके घशाखाली उतरत नाहीत.

कढीत दही काय करतं? आंबटपणा आणतं आणि थोडा दाटपणा आणतं, बास. चिंचेनं आंबट होईल पण ती आमटी होईल, कढी नाही. नारळाच्या दुधाचं दही काही नीट लागत नाही, त्यात प्रथिनंच फार कमी, मग घट्ट धरणार काय. सोयाबीनच्या दुधाचं छान लागतं पण त्याचा कच्चट वास सासूबाईंना दारातूनच कळला. राहिला शेंगदाणा, तो आपल्या घरात कायम असतोच.

तर रीत अशी. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची (कंटाळवाणं काम आहे, टीव्हीसमोर बसून करा), तीन वाट्या पाणी घालत बारीक वाटायचे आणि पातळ फडक्यातून गाळायचं. चोथा टाकू नका, थालीपिठात जातो. मग ते दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं, हे गायीच्या दुधापेक्षा जास्त फसवं असतं, फेस भराभर वर येतो आणि खाली लागतंही, आणि कच्चा वास जाईपर्यंत उकळलं नाही तर दह्याला शेवटपर्यंत शेंगदाण्याचा वास राहतो. बोट सोसवेल इतकं कोमट झालं की विरजण. आता नेहमीचं विरजण घातलं तर वीगनपणा तिथंच संपला, म्हणून हिरव्या मिरचीची देठं, पाचसहा, धुऊन पुसून दुधात बुडवायची. देठावर दही लावणारे जिवाणू असतात. पहिलं दही जरा ढिलं आणि अर्धवट आंबट होतं, ते खायचं नाही, ते पुढच्या खेपेचं विरजण. दुसऱ्या खेपेला जे लागतं ना, चमचा घातला की कड सरळ कापली जाते आणि बाजूला थोडं पाणी सुटतं, अगदी दह्यासारखं.

उन्हाळ्यात सहा तासांत काम होतं. थंडीत मात्र, निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला की हे दही काही केल्या लागत नाही. भांडं तांदळाच्या डब्यात खुपसून वर जुनी शाल गुंडाळायची, किंवा ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवायचं.

कढीला हे दही घेतलं की बेसन निम्मंच घाला, शेंगदाण्याचा स्वतःचा दाटपणा असतो. फोडणी तेलाची, जिरं, ठेचलेला भरपूर लसूण, कढीपत्ता, लाल मिरची. एक उकळी यायला लागली की बंद. सासूबाईंनी भुरका मारला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आंबट अजून पाहिजे होती. पण फुणक्याला चालंल." एवढं प्रशस्तिपत्रक माझ्या गायीच्या दह्याच्या कढीलासुद्धा कधी मिळालेलं नाही.

याच दह्याची वाटी आता घरच्या मिसळीबरोबरही येते. तिथे दह्याचं काम तिखट मारायचं. मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून तर्री लागल्यावर पाणी पिऊन काही होत नाही, आणि शेंगदाण्यात स्निग्धपणा भरपूर असल्यामुळे इथेही काम भागतं.

तुपाचं दोन जागी वेगवेगळं बोलावं लागेल. बेसनाच्या लाडवात तूप बेसन भाजायला लागतं आणि गार झाल्यावर लाडू धरून ठेवायला. नुसत्या तेलात भाजलेला लाडू ताटात बसकण मारतो. खाण्याचं खोबरेल चोवीसेक अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे नाशिकच्या दिवाळीत रात्री गारठा पडला की खोबरेलातले लाडू मस्त राहतात, वास नको असेल तर रिफाइंड घ्या. मे महिन्यात करायला जाऊ नका. आणि बेसन मात्र तेवढंच भाजायचं, हात दुखेपर्यंत, कारण लाडवाची निम्मी चव त्या भाजण्यातच आहे.

पण मऊ वरणभातावरचं तूप? नाही जमत. पेरूची पानं, कढीपत्ता तेलात कढवून वीगन तूप करतात, केलं मी, वाईट नाही, पण ते तूप नाही. तिथे सासूबाईंनीच मार्ग काढला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे खिचडीवर घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेलच घ्यायचे, सोबत पापड आणि कांदा, तुपाचं एवढं कौतुक तुमच्या इकडचं. आता लेकीसाठी वरणभात नाही, खिचडी होते. हे मला जास्त पटतं. एका आठवणीच्या जागी खोटी वस्तू बसवण्यापेक्षा घरातलीच दुसरी खरी आठवण काढावी.

खरवसाच्या बाबतीत मी तर सरळ सांगते की सोडून द्या. माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं, शेजारी म्हैस व्याली की पितळी गडव्यात चीक यायचा, गडवा परत देताना रिकामा द्यायचा नाही, साखर नाहीतर मूठभर तांदूळ घालून द्यायचा. तो चीक गूळ-वेलदोडा घालून वाफवला की त्यातली प्रथिनं उष्णतेनं आपोआप धरतात, आत बारीक जाळी पडते, दाताला किंचित रबरासारखा लागतो. नारळाचं दूध, गूळ आणि चायना ग्रासचा जो "वीगन खरवस" म्हणून फिरतो तो चांगला गोड पदार्थ आहे, गार छान लागतो, पण ती जेली आहे, थुलथुलते. त्याला खरवस म्हणून पुढे केलं की खाणारा पहिल्या घासालाच हिरमुसतो आणि बिचाऱ्या नारळाचं नाव खराब होतं. शिवाय लेक म्हणते तेही खोटं नाही, सगळ्या दुधात वासराचा सगळ्यात जास्त हक्क कशावर असेल तर चिकावरच.

बासुंदी मात्र जमते. काजूची पेस्ट आणि सोया दूध, पण आधी पातेल्यात चमचाभर साखर तांबूस होईपर्यंत जाळून घ्यायची आणि मग दूध ओतायचं. आटवलेल्या दुधाचा तो खमंग वास आणि रंग थोडाफार त्यातून येतो, वरून जायफळ, चारोळी. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, न सांगता वाढली होती, दोन वाट्या गेल्या.

नैवेद्याचा वाद घरात होतो, खोटं कशाला बोलू. पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर, म्हणजे वीगन फक्त साखर उरते. आमच्याकडे तोडगा असा की देवाचं देवाला नेहमीसारखं, आणि लेक प्रसाद म्हणून खडीसाखर घेते. देवाची अजून काही तक्रार आलेली नाही.

तब्येतीचं एक सांगते कारण मावशी-आत्यांचे फोन त्याचसाठी येतात. कॅल्शियमचं एवढं घाबरू नका, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर असतं, तीळ आहेतच. बी-१२ मात्र झाडापानांतून मिळत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायचीच, तिथे हट्ट नको. आणि विकतचं काही आणलं तर मागचं लेबल वाचा, बिस्किटात दुधाचा अंश हमखास सापडतो. २०२२ पासून वीगन पदार्थांचे वेगळे सरकारी नियम आहेत आणि पाकिटावर पानासह व्ही अक्षराचं हिरवं चिन्ह असतं, ते बघून घ्या.

राहिला चहा. इथे माझे हात टेकले आहेत. सोया दूध उकळत्या चहात घातलं की फाटतं, आलं असेल तर विचारूच नका. उतरवून, जरा थांबून, गरम केलेलं दूध वरून घातलं तर फाटत नाही पण मग तो उकळलेला चहा होत नाही. ओटचं दूध फाटत नाही तर चहा पेजेसारखा लागतो. सध्या गवती चहा-आल्याचा कोरा चालू आहे आणि तो लेकीला आवडतो म्हणते, माझ्याकडे न बघता म्हणते. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी साडेसहाला प्यावासा वाटेल असा दुधाशिवायचा दाट चहा कोणाला खरंच जमला असेल तर रीत सांगा. लिंक नको, रीत सांगा.