बंगलेवाडीच्या रहिवासी संघाचं पहिलं काम शाकारणीचं

मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत एके काळी ६५ च्या आसपास लाकडी, कौलारू बंगले होते. आज तीससुद्धा उरलेले नाहीत. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांचा जन्म झाला ती माझगावची माथारपाखाडी घ्या, नाहीतर वांद्र्याचं रणवार घ्या, चित्र फारसं वेगळं नाही. एखादा बंगला पाडला की चार दिवस हळहळ होते, जुने फोटो फिरतात, बिल्डरला शिव्या बसतात. बिल्डरची बाजू मला घ्यायची नाही. पण तो दारात येण्याआधी दहा-पंधरा वर्षं त्या घराच्या आढ्यातून पाणी झिरपत असतं, आणि त्या सगळ्या काळात वाडीचा रहिवासी संघ फक्त गणपतीची आणि ख्रिसमसची वर्गणी गोळा करत असतो. सण हवेतच. कॅथलिक आणि हिंदू शेजारी एकमेकांच्या मांडवात राबतात, ही या वाड्यांची खरी कमाई आहे. पण राबणाऱ्या त्याच हातांनी वर्षातून एकदा छपराकडे बघितलं तर निम्मे बंगले वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

शाकारणी, म्हणजे पावसाळ्याआधी कौलं उतरवून छप्पर पुन्हा नीट बसवणं, प्रत्येकाने आपापली करायची, हा रिवाज आता चालणार नाही. मंगलोरी कौलं नीट उतरवून पुन्हा बसवणारे सुतार मुंबईत मोजके राहिलेत. एका घराच्या दोन दिवसांच्या कामाला ते येत नाहीत. आठ-दहा घरं एकत्र असतील तर महिनाभर मुक्काम ठोकतात, आणि परांचीचे बांबू, वाहतूक, हमाली यांचा खर्च वाटला जातो. बरेच कामगार शिमग्याला गावी जातात, म्हणून पाहणी फेब्रुवारीत हवी आणि काम १५ मेच्या आत संपायला हवं. मेच्या शेवटी वळवाची सर आली आणि अर्धं छप्पर उघडं असलं, तर एका रात्रीत माळ्याच्या फळ्या फुगतात.

हिशोब असा. १ ब्रास, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १४० ते १५० कौलं लागतात. मोजायचा तो छपराचा उतार, खालच्या खोलीची लांबी-रुंदी नव्हे. इथे चुकलं की कौलं हमखास कमी पडतात. १० ब्रासचं छप्पर उतरवून चढवताना कितीही जपलं तरी शंभर-सव्वाशे कौलं फुटतात. ती कुठून आणायची, ही खरी गोम आहे. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यामागोमाग पुष्कळ कारखाने निघाले, आणि साचे सगळ्यांचे सारखे नव्हते. कौल उलटं करा, पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं दिसेल. एका साच्याच्या खाचेत दुसऱ्या साच्याची कड बसल्यासारखी वाटते, पण मधे दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. सरळ पावसात त्या फटीचं काही कळत नाही. जुलैत वाऱ्याबरोबर आडवी झड आली की पाणी तिच्यातून रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीवर, उतरतं, रीप कुजते, खिळा सुटतो आणि अख्खी रांग खाली घसरते. म्हणून संघाचं स्वतःचं कौलांचं कोठार पाहिजे. आसपासचं कुठलंही कौलारू घर पाडलं जाणार असेल तर ठेकेदाराशी आधीच बोलून कौलं उचलायची, कारखान्याच्या नावाप्रमाणे वेगळी करायची आणि उभी रचायची. आडवी रचली तर खालच्या थरातली तडकतात.

छपरावरच्या चुका ठरलेल्या आहेत. आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या दोन उतारांच्या जोडावरची कौलं, निव्वळ सिमेंटात बसवतात. सिमेंट उन्हात आकसतं, केसाएवढी चीर पडते, आणि पाणी थेट आढ्याच्या लाकडावर जातं. तिथे चुन्याचा किंवा चुना मिसळलेला माल वापरावा. दुसरी चूक निळ्या ताडपत्रीची. गळतीवर चार महिन्यांचा उपाय म्हणून ती ठीक, पण दिवाळीनंतरही ती तशीच राहते, खाली हवा खेळत नाही आणि लाकूड आतून भिजट राहतं. वाळवी येते ती या ओलाव्यामागून. ओल बंद केल्याशिवाय पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात. तिसरी गोष्ट, डिश अँटेना किंवा एसी लावायला आलेला पोरगा कौलांच्या मधोमध पाय देत चालतो. पाय द्यायचा तो खाली रीप असते तिथे, शक्यतो फळी टाकून. संघाच्या माणसाला विचारल्याशिवाय छपरावर कोणी चढायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी तूटफूट थांबेल.

छपराइतकंच नुकसान खालून होतं, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. महापालिकेचा ठेकेदार गल्लीत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट टाकतो तेव्हा जुना थर न खरवडता त्यावरच नवा चढवतो. दर खेपेला गल्ली दोन-तीन इंच वर येते. असं तीन-चार वेळा झालं की एके काळी दोन पायऱ्या उंच असलेलं जोतं गल्लीच्या पातळीला येतं. पावसाचं पाणी ओट्यावर चढतं आणि तळखड्यावर (पायाच्या दगडावर) उभा असलेला सागवानी खांब बुडातून कुजायला लागतो. वरून रंग चकचकीत, आत भुसा. ज्यांच्या घरात तळमजल्यावर फळ्यांची जमीन आहे त्यांची जोत्यातली हवेची भोकंही या भरावात बुजतात. यावर उपाय काम सुरू होण्याआधीच करता येतो. प्रत्येक जोत्यावर रंगाने पातळीची खूण करा, फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला लेखी द्या की जुना थर काढल्याशिवाय नवा नको आणि उतार गटाराकडेच हवा. काम चालू असताना संघाचा एक माणूस तिथे उभा पाहिजे. काँक्रीट सुकल्यावर केलेल्या तक्रारीने पातळी खाली येत नाही.

भिंतींबद्दल थोडक्यात. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आतल्या लाकडात शिरते.

आगीचा विषय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. लाकडी घर, बाहेरून चढणारा लाकडी जिना, आणि बहुतेक ठिकाणी त्याच जिन्याखाली वीज मीटर, चपलांचं कपाट, रद्दी आणि आता चार्जिंगला लावलेली स्कूटर. वर राहणाऱ्यांची खाली यायची वाट तेवढी एकच असते. मीटर जिन्याखालून हलवण्यासाठी वीज पुरवणाऱ्या कंपनीकडे अर्ज करावा, आणि तो सगळ्या घरांनी मिळून करावा. घरातल्या जुन्या वायरवर एसी जोडू नये. दीड टनाच्या एसीला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) द्यावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, प्रत्येक घरात हवाच, कारण गळक्या छपराखाली ओल्या भिंतीतून करंट उतरतो. अरुंद गल्लीत बंब शिरत नाही, म्हणून तोंडाशी लावलेल्या मोटारसायकली हा शेजाऱ्यांमधला रुसव्याफुगव्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. दर तीन-चार घरांमागे ६ किलोचं, आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर बाहेर, हाताला येईल असं टांगा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा. आणि वाडीचा एक नकाशा करा: कुणाचा मेन स्विच कुठे, गॅस कुठे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. त्याची एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात द्या.

आता कागद. ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागू होतं. आरसीसी, म्हणजे सळ्यांचं काँक्रीट, तपासायला सरावलेला इंजिनीअर रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद मापायचा हातोडा) घेऊन येतो, सागाच्या चौकटीत त्याला मापायला काही सापडत नाही, आणि तो सी-१ लिहून मोकळा होतो. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. लाकडाचं घर तपासायचं ते टोच्याने, ठोकून आवाज ऐकून आणि ओलावा मोजून. प्रत्येक खांबाचं बूड आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक उघडून. असं काम येणारा इंजिनीअर संघाने आधीच हेरून ठेवावा, म्हणजे नोटीस हातात पडल्यावर धावपळ होत नाही. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं. १९९५ च्या नियमावलीने आणि आता २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीने वारसा (हेरिटेज) यादीतल्या वास्तूंना संरक्षण दिलं आहे, पण यादीत नाव आहे म्हणून कौलं कोणी बदलून देत नाही.

वारसांचा गुंता याहून अवघड. एका बंगल्यावर आठ नावं, राहतं एकच कुटुंब, बाकीचे वसईपासून कॅनडापर्यंत. विकत घेणारा दूरच्या एका वारसाचा हिस्सा घेतो आणि आत पाय रोवतो. संघ विक्री अडवू शकत नाही, अडवूही नये. पण दोन गोष्टी घरोघरी माहीत हव्यात. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार त्याला घरात संयुक्त ताबा मागता येत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली घरच्या माणसाला तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला घेता येतो. अर्थात त्यासाठी मालमत्ता पत्रकावर मयत आजोबांचं नाव नको, आजच्या वारसांची नोंद हवी. वकील लागेलच, पण वकिलाकडे जाताना कागद पूर्ण असले की अर्धं काम झालेलं असतं.

संघ स्वतः कागदावर जिवंत आहे का, हेही बघा. वाडीचा संघ म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था नव्हे. मेंटेनन्स सक्तीने वसूल करायचा अधिकार त्याला नाही, सगळं विश्वासावर चालतं. संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर कमिटी बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, धर्मादाय आयुक्तांकडे गेला पाहिजे. कित्येक ठिकाणी दप्तरी अजून दिवंगत सेक्रेटरींचंच नाव असतं, आणि कोर्टात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की तुम्ही कोण. भाडेकरूंनाही सभासद करा. पागडीचं घर गळलं तरी शेजारच्या मालकाच्या भिंतीला ओल येतेच.

पैसा घरटी सारखा मागू नका, छपराच्या ब्रासवर मागा. तीन ब्रासवाल्या म्हातारीने बारा ब्रासवाल्याचा भार का उचलायचा? प्री-वेडिंग आणि जाहिरातींच्या शूटिंगचे पैसे आज ज्याचा ओटा त्याच्या खिशात जातात, आणि आवाज, गर्दी, जनरेटर मात्र सगळ्यांच्या वाट्याला. ठराविक दर, संध्याकाळी सातनंतर बंद, आणि निम्मी रक्कम दुरुस्ती निधीत, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या. निधीचा जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावा, बिलांसकट. फेब्रुवारीच्या सभेत तीन कोटेशनं ठेवा, प्रत्येकात मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहिलेलं, आणि ठेकेदाराचे शेवटचे २० टक्के पहिला मोठा पाऊस पडून आढ्याखालचा माळा हात लावून बघेपर्यंत देऊ नका.